निरगाठ, सुरगाठ

नदी चढायला लागली की आबा बाभळीची एक काडी घेऊन काठाला जायचे. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पाण्याची कड जिथं असेल तिथं चिखलात काडी खोचायची, विड्याचं पान खायचं, घरी यायचं. तासाभरानं बॅटरी घेऊन परत जायचं आणि काडी किती बुडाली ते बोटं लावून मोजायचं. मग घरात येऊन एवढंच बोलायचे, "तासाला दोन बोटं." दोन बोटं म्हणजे झोपा निवांत. चार बोटं म्हणजे ज्वारीची पोती माळ्यावर चढवा. वीतभर झालं की आबा बोलायचेच नाहीत, थेट गोठ्यात जाऊन म्हशी सोडायला लागायचे. त्यांचं ते न बोलणं आम्हा पोरांना भोंग्यापेक्षा मोठ्यानं ऐकू यायचं.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. पुढं थोड्याच अंतरावर नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. हे 'थोडंच अंतर' आमचं दैव ठरवतं. राधानगरी, गगनबावडा, पन्हाळ्याकडं कोसळलेला पाऊस भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीतून प्रयाग चिखलीला येतो, तिथून पंचगंगा होऊन कोल्हापूर, इचलकरंजी करत आमच्या दारात. पण त्याच वेळी कृष्णा भरलेली असेल, तर आमची नदी संगमावर तटते. पुढं जायला वाट नाही, मागून येणारं थांबत नाही, मग ती आडवी पसरते. यालाच फुगवटा म्हणतात. अशा वेळी गावावर लख्ख ऊन असतं, वाळत घातलेली धुणी दोरीवर असतात आणि मळीतला, म्हणजे नदीकाठच्या शेतातला, ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात असतो. पाहुण्यांना हे कधीच पटत नाही. "पाऊस तर नाही," असं म्हणत ते आरामात चहा पीत बसतात.

म्हणूनच आमच्याकडं आभाळ बघून कुणी पुराचा अंदाज करत नाही. लोक दोन आकडे विचारतात. "राजारामला किती?" आणि "आयर्विनला किती?" पहिला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा, तिथं 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. दुसरा सांगलीच्या, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा, तिथं 40 आणि 45. पावसाळ्यात आमच्याकडं 'कसं काय, बरं आहे ना'च्या जागी हेच दोन प्रश्न असतात. सोयरीक ठरवायला आलेल्या माणसांनीही आधी आयर्विनची चौकशी केलेली मी पाहिली आहे.

या दोन आकड्यांच्या आधीही एक खूण होती, अजूनही आहे. वाडीच्या दत्त मंदिरात पाणी शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार म्हणतात. बाहेरगावचे भाविक त्या पाण्यात स्नानाला धावत येतात. आमच्याकडं मात्र 'दक्षिणद्वार झालं' असा फोन आला की आजी एका हातानं नमस्कार करायची आणि दुसऱ्या हातानं चुलीमागचं सरपण उचलायला लागायची. एकच बातमी, कुणाला पर्वणी, कुणाला मळी गेल्याचा सांगावा. आणखी पाणी वाढलं की देवाची उत्सवमूर्ती वरच्या अंगाला हलवतात. देव हलला की माणसानं हलावं, असा आमच्याकडचा साधा हिशेब होता. पूर्वसूचना यंत्रणा वगैरे शब्द फार नंतर आले.

मग 2019 साली हे सगळं असून आम्ही बुडालो कसे?

या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावातल्या देवळाच्या पायरीवर लिहिलेलं होतं, अगदी शब्दशः. 2005 च्या पुरात पाणी कुठवर आलं ते तिसऱ्या पायरीवर ऑइलपेंटनं रेघ ओढून ठेवलेलं. चौदा वर्षं गाव त्या रेघेकडं बघत आलं होतं. त्या रेघेच्या हिशेबानं लोकांनी घरांचे पाये उचलले, गोठे बांधले, धान्याच्या कणग्या ठेवल्या. रेघ कशाला ओढली होती? पुढच्यांनी सावध राहावं म्हणून. झालं उलटंच. "2005 ला कुठवर आलतं? तिसऱ्या पायरीला. त्याच्या वर येत न्हाई." हे आबांचंच वाक्य, त्यांना मी दोष देत नाही. पुराची खूण ही फार फसवी वस्तू आहे. 'पाणी इथवर आलं होतं' एवढंच ती सांगते. आपण ऐकतो ते 'इथवरच येतं'. 'वर' आणि 'वरच' यांच्यातल्या त्या एका 'च'नं आमच्या गल्लीतले गोठे रिकामे केले.

नागपंचमी होती, 5 ऑगस्ट. मी पुण्यात. पुढच्या दोन-तीन दिवसांत राजारामनं 55 फूट ओलांडले, आयर्विननं 57. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याहून कोल्हापूरकडं जाणारा रस्ताच आठवडाभर बंद पडला. मी खोलीत बसून दर तासाला मोबाइलवर दोन्ही ठिकाणचे आकडे बघत होतो, कोयनेतून किती विसर्ग, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, सगळं. आणि ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांच्याकडं वीज नव्हती. डीपी पाण्यात जाणार म्हणून लाइन आधीच काढलेली, टॉवर थोड्या वेळानं बंद पडला, मोबाइल विझले. आकडे पुण्यात होते, पाणी गावात होतं. मधे मी. हातात शंभर टक्के चार्ज असलेला फोन घेऊन बसलेला माणूस किती निरुपयोगी असू शकतो, ते त्या दोन रात्रींत कळलं.

इशारा आलाच नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. आला होता. 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' हे वाक्य कुणी आणि कधी पहिल्यांदा लिहिलं कोण जाणे, पण वर्षानुवर्षं तेच फिरतंय. सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? जागं राहायचं? पोती उचलायची? म्हशी सोडायच्या? सोडून न्यायच्या कुठं? 'विसर्ग 50 हजार क्यूसेक' हेही तसंच. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, म्हणजे साधारण दोन घागरी, एवढा हिशेब मला येतो. पण 50 हजार क्यूसेक म्हणजे काकींच्या गोठ्यात किती वाजता पाणी, हा हिशेब कुणालाच येत नव्हता.

काकींच्या गोठ्यात पाणी रात्री आलं. तीन म्हशी. दावी सुताची, गाठी नेहमीच्या, घट्ट निरगाठी. भिजलेल्या सुताची निरगाठ सुटत नाही, ती फुगते आणि स्वतःलाच आवळून घेते. विळा आढ्याला खोचलेला, अंधारात सापडेना. काकी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून दातांनी गाठ ओढत होत्या. दोन म्हशी खुंटा उपसून सुटल्या. तिसरी सुटली नाही. पुढं महिनाभरानं मी गावी गेलो तेव्हा काकी मला पुराबद्दल काही बोलल्या नाहीत. पुढचा अर्धा तुटलेला दात दाखवून म्हणाल्या, "दात तुटला, पर गाठ न्हाई सुटली बघ."

त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. ती बातमी महाराष्ट्रभर गेली, जायलाच हवी होती. त्या बोटीचा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कारण बोट लागते ती उशीर झाल्यावर. वेळेत निघालेल्या माणसाला बैलगाडी पुरते.

2021 च्या जुलैत, गुरुपौर्णिमेच्या सुमाराला, पुन्हा. या वेळी राजाराम 56 च्या आसपास गेला, म्हणजे कोल्हापुरात 2019 पेक्षाही वर, आणि सांगलीत मात्र आयर्विन 2019 पेक्षा खाली राहिलं. या उलटसुलट आकड्यांनी आम्हाला शहाणं केलं. राजारामला अमुक फूट म्हणजे आपल्याकडं तमुक, असा सरळ हिशेब लोक करत असत. तो साफ चुकीचा होता. एक तर राजारामचे फूट आणि आयर्विनचे फूट हे प्रत्येकाच्या आपापल्या शून्यापासून मोजलेले, ते एकमेकांशी ताडताच येत नाहीत. आणि आमच्या गावात पाणी किती येणार हे राजाराम एकटा ठरवत नाही, कृष्णा पंचगंगेला संगमावर किती तटवते त्यावर ते असतं. कृष्णा मोकळी असेल तर राजारामचा आकडा नुसता दम देऊन जातो. कृष्णा भरलेली असेल तर तोच आकडा घरात येऊन बसतो.

(खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचं काय, असं इथं कुणीतरी विचारणारच. दर पावसाळ्यात चहाच्या गाड्यावर अलमट्टीवर खटला उभा राहतो आणि दर पावसाळ्यात निकाल राखून ठेवला जातो. पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 च्या अहवालात 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, आमच्या गाड्यावरच्या न्यायाधीशांना ते मान्य नाही. मी त्या वादात पडत नाही. अलमट्टीचं जे व्हायचं ते होईल, काकींच्या म्हशींना त्याच्या आधी हलवायचंय.)

2021 च्या पुरानंतर दिवाळीला गाव जमलं होतं, तेव्हा सुरुवात झाली. कुणी 'चला, यंत्रणा उभारू' असं म्हटलं नव्हतं. गल्लीतला एक गवंडी पडलेली भिंत बांधत होता. त्याच्याकडं ती पारदर्शक नळी होती, पाणी भरून दोन टोकांची लेव्हल बघायची. ती बघून आमच्यातल्या एकाच्या डोक्यात आलं, की शाळेच्या भिंतीवर पुराच्या ओलीची रेघ आहे, तिथून या नळीनं प्रत्येक गोठ्याच्या उंबऱ्याची लेव्हल काढली तर?

पुढचे चार दिवस गावानं जो तमाशा पाहिला तो मी विसरणार नाही. गवंडी नळीचं एक टोक धरून पुढं, मी दुसरं धरून मागं, मधे नळी हातात झेलत दहा-बारा पोरं, आणि बाजूनं पारावरचे सल्लागार. नळीत मधेच हवेचा बुडबुडा अडकला की लेव्हल चुकायची, मग सगळं पहिल्यापासून. घाटाच्या सगळ्यात खालच्या पायरीला आम्ही शून्य धरलं. तिथून शाळेच्या भिंतीपर्यंत फुटा-फुटाची पट्टी रंगवली आणि खालच्या अंगाच्या साठेक घरांच्या, गोठ्यांच्या चौकटीवर त्या त्या उंबऱ्याचा आकडा लिहिला. आमच्या घराचा 17. देवळाच्या तिसऱ्या पायरीचा 13. काकींच्या गोठ्याचा 14.

आकडा लिहिला आणि गावातल्या गप्पा बदलल्या. आपला गोठा पाटलांच्या गोठ्यापेक्षा उंच आहे अशी पिढीजात समजूत असलेल्या एकाला तो दीड फूट खाली आहे हे कळलं, त्यानं दोन दिवस आमच्याशी बोलणं टाकलं. पण आता प्रश्न सोपा झाला होता. 'राजारामला किती' पुरेसं नव्हतं. 'पट्टीला किती आणि माझा आकडा किती' एवढं पाचवीतल्या पोरालाही सांगता येत होतं. पट्टी उंबऱ्याच्या आकड्याला पाच फूट कमी असताना धान्य हलवायचं, तीन फूट कमी असताना जनावरं. आणि आबांची काडी? ती आम्ही तशीच ठेवली. तासाला चार बोटांच्या वर चढत असेल तर प्रत्येक गोष्ट एक पायरी आधी करायची. पाणी किती आलंय यापेक्षा कोणत्या चालीनं येतंय हे महत्त्वाचं, ही अक्कल आबांच्या काडीची. आमच्या नळीला ती नव्हती.

आता निरोप. खरी मेख इथं होती. वरून कुणीतरी आम्हाला सांगायला हवं आणि आम्ही गावाला. वरचं कोण सांगणार, यासाठी आम्ही मोठमोठ्या योजना आखल्या. मग लक्षात आलं, की ही साखळी आधीच आहे. मोटारींची. नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याची पाण्याची मोटार काठाच्या उतारावर बसवलेली असते. पाणी चढणार म्हटलं की ती काढून वर आणावी लागते. बुडाली तर रिवाइंडिंगचा खर्च आणि हंगामाचा खोळंबा. त्यामुळं वरच्या गावच्या मोटारवाल्यानं खालच्या गावच्या मोटारवाल्याला फोन करणं हे पिढ्यांचं चालत आलेलं. आणि आमच्या भागात मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या फोनमध्ये प्रयाग चिखलीपासून संगमापर्यंतच्या काठाचे नंबर आहेत. माणसाला कल्पनाही नव्हती, की तो इतकी वर्षं खिशात केवढं खातं घेऊन फिरतोय. सरकारी आकडा बघायचाच, पण 'आमच्यात मोटारी वर घ्यायला लागलेत' हा फोन आला की आमच्याकडं हालचाल सुरू होते. स्वतःच्या पैशाला धक्का लागू नये म्हणून केलेला फोन सहसा खोटा नसतो.

राधानगरीचंही तसंच. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून 1,428 क्यूसेक. कुणी बटण दाबत नाही, कुणी ठरवत नाही. अशा वेळी वरच्या गावात जागा असलेला माणूसच कामाला येतो. लहानपणी मला वाटायचं, की ते दरवाजे रात्रीच उघडतात. तेव्हा वाटायचं, आताही वाटतं.

गावाला सांगायचं कुणी? पहिल्या वर्षी एका उत्साही तरुणाला भोंग्यावर बसवलं. तो छान बोलायचा, सूत्रसंचालनाचा सराव होता. कुणी जागचं हललं नाही. मग फळा दूध संस्थेत लावला. दिवसातून दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी, घरातलं कुणी ना कुणी किटली घेऊन तिथं येतंच, ग्रामपंचायतीत वर्षातून एकदा जातं. आणि बोलायचं काम संस्थेच्या सचिवाकडं दिलं. फॅट कमी लावतो म्हणून लोक त्याला रोज शिव्या घालतात, पण आकडा वाचण्यात त्याच्याएवढा भरवसा दुसऱ्या कुणावर नाही. शिवाय कुणाच्या दावणीला किती जनावरं हे त्याला तोंडपाठ. निरोपाचे शब्दही बसून ठरवले. 'सतर्क राहावे' हे दोन शब्द वापरायचे नाहीत, एवढा एकच ठराव एकमतानं झाला. आता निरोप असा जातो : "शाळेची पट्टी अकरा. तासाला तीन बोटं. चौदाच्या आतल्या गोठ्यांनी दिवस मावळायच्या आत जनावरं माळाला न्यावीत. वैरण हायस्कूलच्या मैदानात." बास. त्यात 'नम्र विनंती' नाही आणि 'हार्दिक'ही नाही. भोंगा बॅटरीवरचा, कारण वीज सगळ्यात आधी जाते हे आम्ही शिकलो होतो.

इतकं करून आम्ही स्वतःवर खूश होतो. एका बैठकीत घरांची यादी वाचून झाली आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, "यात खालच्या वस्तीची घरं कुठं हायत?" अकरा घरं. गावात सगळ्यात खाली, सगळ्यात आधी पाण्यात जाणारी. त्यांची जमीन नाही म्हणून मोटार नाही. म्हैस नाही म्हणून दूध संस्थेत खातं नाही. आमच्या दोन्ही साखळ्या इतक्या हुशार होत्या, की त्या दोघींच्या फटीतून बरोबर तीच घरं खाली पडली होती. नळीही आम्ही तिथवर नेली नव्हती, कारण 'तिथं गोठेच नाहीत'. त्या दिवशी बैठकीत कुणी कुणाकडं बघितलं नाही. मी तर पुण्याहून आलेला शहाणा. यादी अंगणवाडीच्या वहीवरून पुन्हा केली, त्यात तान्ही लेकरं, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं आपोआपच आली. दुसऱ्या दिवशी नळी घेऊन वस्तीत गेलो. पहिल्याच उंबऱ्याचा आकडा निघाला 9.

जगात इतरत्र हे काम होतंच आहे. आसामात धेमाजी जिल्ह्यातल्या जियाढल नदीवर 'इसिमोड' आणि 'आरण्यक' या संस्थांनी गावकऱ्यांना हाताशी धरून साधी उपकरणं बसवली. पाणी ठरावीक उंचीला टेकलं की काठावरच्या एखाद्या घरात गजर वाजतो आणि त्या घरातला माणूस खालच्या गावांना फोन करतो. नेपाळातून बिहारात उतरणाऱ्या रातू नदीवर तर असा निरोप देशाची सीमा ओलांडून जातो. मला त्यातला गजर तितका भावत नाही, जितका तो घरातला माणूस भावतो. गजराला रात्री उठायचा कंटाळा नसतो, पण गजर वाजल्यावर 'कितपत भ्यायचं' हे माणूसच सांगतो. 2023 च्या जुलैत देशभर मोबाइलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी झाली होती, आठवत असेल. सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. काकींनी आपला फोन पिठाच्या डब्यात कोंबला आणि झाकण लावून वर पाटा ठेवला. यंत्रणा उत्तम चालते, असा अहवाल मी मनातल्या मनात दिला.

आमची रीत सगळीकडं चालणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. कोकणात चिपळूणला 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी शहरात घुसली. तिथल्या नद्या आखूड, घाटमाथ्यावरून निघाल्या की पाठोपाठ समुद्रच. आम्हाला पाणी दिवस-दीड दिवस आधी कळवून येतं, त्यांना काही तास मिळाले तरी पुष्कळ. तिथं दूध संस्थेतला फळा काय करणार? आमची नदी संथ आहे, हे आमचं भाग्य. ते इतकी वर्षं वाया घालवलं, हे आमचं कर्म.

2024 च्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा 43 ची धोका पातळी ओलांडली. पट्टी अकराला टेकल्यावर सचिवानं भोंगा लावला. मी या वेळी गावात होतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पहिली म्हैस रस्त्यावर आली आणि मग दावणीच्या दावणी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वैरण, त्यावर म्हाताऱ्या, त्यांच्या मांडीवर कोंबड्यांच्या पाट्या. खालच्या वस्तीतली अकराही घरं दुपारीच हायस्कूलवर पोचलेली. कुणी धावत नव्हतं. एक पोरगं तर रेडकाला ओढत गाणं म्हणत चाललं होतं. पुरात माणसं सावकाश चालताना मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि पाणी बारावर थांबलं. कृष्णेनं वाट दिली असावी. दोन दिवस बारावर रेंगाळलं आणि उतरलं. नऊच्या वस्तीत तीन फूट पाणी लागलं, पण चौदाचे गोठे कोरडे. झालं. "तुमच्या पट्टीनं आमचं दूध आटलं," एकानं दूध संस्थेच्या दारात सुनावलं. जागा बदलली की म्हैस दूध चोरते, हे खरंच आहे, चार-सहा दिवस निम्मं दूध येत होतं. त्याचा हिशेब कुणी भरून देत नाही. पंचनामा बुडालेल्याचा होतो, वाचलेल्याचा होत नाही. सचिव गप्प राहिला. पूर ओसरल्यावर त्यानं फळ्यावर खडूनं लिहिलं : 'सांगितलं 14. आलं 12.' कुणीतरी पुसायला लागलं तर म्हणाला, "राहू दे. फॅट चुकली तरी मी पावती फाडत न्हाई." पुढच्या वेळी लोक हलतील की नाही, मला ठाऊक नाही. त्या फळ्याच्या खरेपणावर हलतील, असं मला वाटतं, आणि कधीकधी तसं वाटतही नाही.

आबा आता काठाला जात नाहीत, गुडघे गेले. पण पट्टीचा आकडा सांगितला की विचारतात, "आणि बोटं?"

काकींच्या म्हशी माळावरून परत आल्या त्या संध्याकाळी मी गोठ्यात होतो. ज्या खुंट्याला 2019 ला ती तिसरी म्हैस होती तिथं आता नवी, पहिल्या वेताची. काकींनी तिचं दावं खुंट्याला गुंडाळलं, एक टोक दुमडून आत सारलं आणि मोकळं टोक बाहेर लोंबत ठेवलं. सुरगाठ. एका झटक्यात सुटणारी. पावसाळाभर त्या आता हीच मारतात, पट्टी वाढो न वाढो. मी म्हटलं, "पाणी उतरलं की काकी. आता मारा की घट्ट."

"असू दे," म्हणाल्या आणि उसाचं वाडं आणायला आत गेल्या.

त्या गेल्या न गेल्या तोच म्हशीनं ते लोंबतं टोक तोंडात धरलं, दोनदा चघळलं आणि मान झटकली. गाठ सुटली. माझ्या डोळ्यांदेखत ती शांतपणे उंबरा ओलांडून शेजाऱ्यांच्या अंगणात गेली आणि त्यांच्या कडब्याच्या पेंडीत तोंड खुपसून उभी राहिली. शेजारीण ओरडायला लागली. काकी वाड्याचा भारा घेऊन दारात आल्या, बाजूला पडलेल्या मोकळ्या दाव्याकडं त्यांनी बघितलं आणि मला म्हणाल्या, "बघितलास? कशी सुटली."